कुंभकोणमची तांबडी मासळी

कुंभकोणमला जाऊन आलो म्हटलं की लोक मला देवळांविषयी विचारतात. गोपुरं किती पाहिलीत, महामहम तलावात स्नान केलंत का, कावेरीला पाणी किती होतं. मी हुं हुं करून वेळ मारून नेतो. खरी गोष्ट अशी की तिथल्या आठ दिवसांत मी एकाही देवळाच्या आत पाऊल टाकलं नाही, कारण बहुतेक वेळ माझ्या अंगाला मासळीचा वास येत होता. आमच्या घराण्यात कोणी मासळीला शिवल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा देवळांची माहिती वाचकांनी दुसऱ्या कोणाकडून घ्यावी. मी मासळीची हकिगत सांगतो.

पुण्याच्या एका कॉलेजात मी जंतुशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे सर शिकवतात आणि मी काचेच्या नळ्या धुतो. उरलेल्या वेळात प्रबंध लिहितो, असं घरी सांगितलेलं आहे. प्रबंधाचं हे तिसरं वर्ष. विषय असा एक जंतू, की ज्याला मिठाशिवाय जगता येत नाही. मिठाने जंतू मरतात, म्हणून तर आपण लोणचं मुरवतो आणि कोकणातले लोक मासळी खारवतात. हा जीव मात्र उफराटा. मीठ जितकं जास्त तितका हा खूष. उन्हाळ्याच्या शेवटी मिठागरातलं पाणी आटत आटत गुलाबी आणि मग तांबडं होतं, ते याच्यामुळे. माणसाला तो काही करत नाही. आपल्या मिठात सुखाने असतो.

भाईंदरची मिठागरं माझ्यापुढच्या एका गृहस्थाने आधीच धरून ठेवली होती. सर म्हणाले, "तू पूर्व किनाऱ्याचा आण. वेदारण्यमला मोठी मिठागरं आहेत. दोन्हींची तुलना होईल." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि या खेपेलाही रिकाम्या हाताने आलास, तर विषय सोडून दे. तुझाही वेळ जातो आणि माझाही."

याआधी दोनदा मी रिकाम्या हाताने आलो होतो. एकदा नळ्या फुटल्या होत्या, एकदा नळ्यांत नुसती बुरशी उगवली होती. म्हणून या खेपेला निघायचा मुहूर्त मी स्वतः, पूर्ण विचार करून काढला. पावसाळा संपलेला, दिवाळीची सुट्टी, हवा कोरडी. भाऊबीज उरकली आणि कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन मद्रासच्या गाडीत बसलो.

शुक्रवार, कुंभकोणम

स्टेशनवर उतरलो तो पावसात. सरांच्या ओळखीतल्या ओळखीचे गोविंदराव छत्री घेऊन उभे होते. पन्नाशीचे, कपाळावर गोपीचंदन, खांद्यावर जरीच्या काठाचं उपरणं. गावात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले आणि राज्य गेलं तरी इकडेच राहिले.

"यावें, यावें. प्रवास बरा जाहला काय?" असं म्हणून त्यांनी माझी ट्रंक उचलली. बोलणं मराठीच, पण पणजोबांच्या पत्रातून उठून आल्यासारखं, आणि चाल तमिळ. "वेदारण्यास केव्हां निघणार म्हणालांत?"

"उद्याच," मी म्हणालो.

"आतां? तेथें आतां कोण आहे? बेडूक आहेत."

"का? पावसाळा तर संपला."

गोविंदराव छत्रीखालून माझ्याकडे बघत राहिले. "तुमचा संपला. आमचा तीन आठवड्यांमागें लागला. ऐप्पसी महिन्यांत लागतो, तो कार्तिकी सरेतंवर जात नाहीं. मिठागरवाले केव्हांच घरीं गेले. हें तुम्हांस कोणी सांगितलें नाहीं?"

कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलं नव्हतं. हिंदुस्थानात पावसाळा एकच असतो आणि तो पुण्यात पडतो तेव्हाच सगळीकडे पडतो, अशी माझी सत्तावीस वर्षांची समजूत होती.

घरी गोविंदरावांच्या पत्नी सगुणाबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. मी नमस्कार करून म्हटलं, "फार ट्रबल दिला तुम्हाला, ट्रेन लेट झाली."

त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे मऱ्हाटे नव्हेत काय?"

"पुण्याचे आहेत."

"मग असें कां बोलतात?" आणि माझ्याकडे वळून, "आमच्या वाडवडिलांनीं आणिलेली भाषा आम्हीं जपून ठेविली, बापा. तुम्ही तेथेंच राहून हरविली काय?"

मी पुढचे आठ दिवस इंग्रजी शब्द टाळायचा प्रयत्न केला, त्यामुळे बराच वेळ गप्पच होतो.

जेवायला केळीच्या पानावर भाताचा डोंगर. आमटीसारखं आंबट वरण एकदा, मग रसम, मग ताक, आणि दर वेळी नवा भात. रसम म्हणजे पाणीच. आपल्याकडे आमटी वाटीत असते, इथे ती सरळ पानावर वाढतात आणि जेवणाराने ती पळायच्या आत भाताचा बांध घालून अडवायची. माझा बांध दोनदा फुटला. रसम पानावरून माझ्या धोतरावर आलं. पण शेजारी उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर होतं, थेट आमच्या आईच्या हातचं. ते तोंडात घातलं आणि इतक्या लांब येऊन घर सापडल्यासारखं वाटलं.

शनिवार, रविवार

अनुभवी माणसाचं ऐकायचं नाही हा माझा स्वभाव. शनिवारी मी वेदारण्यमला निघालोच. तिरुत्तुरैपूंडीपर्यंत गाडी गेली. पुढे रुळ पाण्याखाली होते. स्टेशनबाहेर पाहिलं तर भाताची खाचरं कुठे संपतात, रस्ता कुठे सुरू होतो काही कळेना. एक गृहस्थ कमरेइतक्या पाण्यातून डोक्यावर सायकल धरून चालले होते. मी त्यांना खुणेने विचारलं, मिठागर? त्यांनी एका हाताने चारी बाजूंना दाखवलं आणि हसत पुढे गेले.

रिकाम्या हाताने परतू नये म्हणून मी तिथल्या ओहोळाचं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. रविवारी संध्याकाळी भिजून परतलो. गोविंदरावांनी बाटली हातात घेतली, एक थेंब जिभेवर टेकवला आणि मला परत दिली. ते निव्वळ पावसाचं पाणी होतं.

सोमवार, बाजार

सोमवारी काही करण्यासारखं नव्हतं म्हणून गोविंदरावांच्या दुकानात जाऊन बसलो. समया, तांबे, घागरी, कॉफी गार करायचे पेले आणि बसक्या वाट्या. समोर गल्ली, आणि गल्लीपलीकडे मासळीबाजाराची मागची बाजू. वारा फिरला की दुकानात बसवत नव्हतं.

"तुम्हाला त्रास होत नाही?" मी विचारलं.

"बारा वर्षें होतो. बारा वर्षें त्या बाईशीं भांडतों." त्यांनी बोट दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर गोणपाट घेऊन एक बाई टोपलीमागे बसली होती. "नांव आरोक्यम. नागपट्टणाकडची क्रिस्ती बाई. रोज सकाळीं मी म्हणतों, टोपली चार हात पलीकडे सरकीव. ती म्हणते, दुकान चार हात मागें घे. पण पंधरा दिवस जाहले, ती भांडत नाहीं. परवां मी ओरडलों, तर तिनें खरेंच टोपली सरकविली. मला तें बरें वाटलें नाहीं."

"का, काय झालं?"

"तिची करुवाडु, म्हणजे खारवून वाळविलेली मासळी, तांबडी पडली. लोक म्हणतात रक्त फुटलें, देवीचा कोप जाहला. कोणी घेत नाहीं."

मी उठलो तो एक समई पाडून. तांबडी! खारवलेली मासळी! ज्या जिवासाठी मी दोन दिवस रेल्वेत आणि दोन दिवस पाण्यात काढले, तो दुकानासमोर टोपलीत बसला होता. मिठागरातून मिठाच्या पोत्यात, पोत्यातून मासळीवर. हवा दमट झाल्यावर त्याला पसरायला कितीसा वेळ?

आम्ही गल्ली ओलांडली. आरोक्यमच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापल्या टोपल्या लांब हलवल्या होत्या, त्यामुळे ती मोकळ्या जागेत एकटीच दिसत होती. चाळिशीची, रुंद हाडाची, नाकात दोन्हीकडे चमक्या. गोविंदरावांनी तमिळमध्ये काही सांगितल्यावर तिने गोणपाट उचललं. पांढऱ्या मिठाच्या थरावर गुलाबी डाग, काही मासळ्यांच्या पोटाशी चांगलीच दाट लाली.

"सुंदर!" मी ओरडलो. "अप्रतिम! गोविंदराव, तिला सांगा, इतकं सुंदर मी आयुष्यात पाहिलं नाही! विचारा, आणखी आहे का?"

गोविंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. "हें मी सांगणार नाहीं," ते म्हणाले.

तेव्हा कुठे मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला माझी भाषा कळत नव्हती, पण आनंद कळला होता. ती गोणपाटाचं टोक मुठीत धरून माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मला जमिनीत जावंसं वाटलं. जंतू दिसला की माणूस दिसेनासा होतो, हा आमच्या धंद्यातला दोष असेल. पण मला वाटतं तो माझाच असावा.

ती बराच वेळ बोलली. गोविंदराव सांगत गेले. पावसाआधी तिने वेदारण्यमकडचं नवं मीठ आणून स्वतःच्या हाताने मासळी खारवली होती. नवरा नाही, दोन मुली, आणि बाजारातली ही बसायची जागा तिच्या आईपासूनची. आता बाजाराच्या पुढाऱ्याने सांगितलं होतं की गुरुवारच्या बाजाराला मासळी अशीच तांबडी दिसली, तर जागा सोडावी लागेल. रक्त फुटलेला माल बाजारात नको, बाकीच्यांचा धंदा बसतो.

"ती विचारते," गोविंदराव म्हणाले, "डॉक्टर अय्या, माझ्या मासळीस रोग कोणता?"

मी डॉक्टर नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "गुरुवारच्या आत सांगतो. सप्रमाण सांगतो."

तिने टोपलीतली सगळ्यात तांबडी मासळी निवडून केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिली.

लाकडांची खोली

आता ती मासळी विठ्ठलभक्ताच्या घरात न्यायची होती. गोविंदराव वाटेत दोनदा थांबले आणि दोनदा पुन्हा चालू लागले. मागच्या दाराने आम्ही परसात शिरलो, तोवर सगुणाबाई दारात होत्या.

"विठोबाच्या घरांत काय मेलें?"

मी सगळं सांगितलं. मिठावर जगणारा जंतू, सर, प्रबंध, आरोक्यमची जागा. त्या ऐकत होत्या तोवर पानातून खारं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"ती बाई जागेवरून उठणार?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

त्यांनी परसाच्या टोकाची लाकडांची खोली दाखवली. अट एकच: तिथून बाहेर आलं की आधी विहिरीवर नाहायचं, मग घरात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पाच वेळा नाहलो. खालून विहीर, वरून पाऊस. सहाव्यांदा बाहेर यायचं जिवावर आलं म्हणून मासळीचा तुकडा उघडाच टाकून उंबऱ्यावर बसून राहिलो, तेवढ्यात तो शेजारचं मांजर घेऊन गेलं. मागे उरला शेपटीकडचा भाग. त्यावर काम सुरू केलं.

काम मी फार काटेकोर करतो, हे सरसुद्धा कबूल करतात. लालीचा कण सुईने उचलायचा, दोनदा ऊर्ध्वपातन केलेल्या अत्यंत शुद्ध पाण्याच्या थेंबात कालवायचा, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. ते पाणी मी पुण्याहून बाटलीत आणलं होतं. पाहिलं, काही नाही. पुन्हा केलं, काही नाही. लाली पाण्यात पडली की फिकी होऊन विरघळे आणि तिची चिकट तार सुटे, बस. जिवंत काही दिसेना. ढगांमुळे उजेड नव्हता म्हणून सूक्ष्मदर्शक दाराशी आणून आरशाची दिशा बदलली, एका हातात छत्री धरली. तरी काही नाही. त्याच पाण्यातला अंश मी मिठाचं खाद्य भरलेल्या दहा नळ्यांपैकी सहांत सोडून बसलो.

मंगळवारी दुपारपर्यंत माझा निष्कर्ष तयार झाला. हा जंतूच नव्हे. मिठात कसलासा गंज किंवा रंग मिसळला असावा. म्हणजे प्रबंध बुडाला, आणि आरोक्यमला सांगण्यासारखंही माझ्याजवळ काही नव्हतं. मी लाकडांच्या ढिगावर डोकं धरून बसलो.

सगुणाबाई चार हातांवर येऊन उभ्या राहिल्या. "काय जाहलें?"

"जीव नाही त्यात. सगळे प्रयोग करून पाहिले."

"कसे केलेत?"

मी बाटली वर करून दाखवली. "हे शुद्ध पाणी. जगात याहून शुद्ध पाणी मिळणार नाही. यात कालवून पाहिलं."

"गोडें पाणी?"

"गोडं म्हणजे, शुद्ध. मिठाचा कण नाही यात."

"तो मिठावांचून जगत नाहीं, हें कालच तुम्हीं सांगितलेंत नव्हे?"

"हो."

"मग त्यास गोड्या पाण्यांत कशास टाकितां, बापा? समुद्रांतला मासा विहिरींत सोडून, मेला कां म्हणोन विचारतां?"

मी ट्रंकेतून वही काढली. पहिल्याच पानावर, दोन वर्षांपूर्वी सरांनी सांगितलेलं, माझ्याच सुवाच्य अक्षरात: गोड्या पाण्याचा स्पर्श झाल्यास पेशी फुटून नाश पावतात. खाली तांबड्या पेन्सिलीची दुहेरी रेघ. ती रेघही मीच ओढली होती. पण तीन वर्षं इतर जंतूंना शुद्ध पाण्यात कालवायची हाताला सवय, आणि हात वही वाचत नाहीत.

सगुणाबाईंनी स्वयंपाकघरातून मूठभर जाडं मीठ आणून लांबून माझ्या ओंजळीत सोडलं. मी पाण्यात विरघळेल तितकं विरघळवलं, त्याचा थेंब घेतला, लालीचा कण कालवला आणि डोळा लावला.

काचेखाली गर्दी होती. बारीक काड्यांसारखे जीव, शेकड्यांनी, इकडून तिकडे लगबगीने चाललेले. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. मागून आवाज आला, "मला दाखवितां?"

त्यांनी पदर आवळून घेतला, कशालाही हात न लावता वाकल्या आणि डोळा काचेवर टेकवला. पाऊस पडत होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एवढें मीठ खातात, आणि घोटभर पाणी मागत नाहींत." आणि सरळ उभ्या राहत, "पाण्यानें मरतात, तर त्या बाईस सांगा कीं पाण्यानें धू म्हणोन. त्यांत एवढा विचार काय?"

तेवढा विचार मी केला नव्हता. मी उरलेल्या चार नळ्यांचा विचार करत होतो. आधी त्यांत मिठाच्या पाण्यात कालवलेली लाली सोडली, मग सातव्यांदा नाहलो, आणि गोविंदरावांना घेऊन बाजारात पळालो.

बुधवार

आरोक्यमने सगळं ऐकलं आणि एकच शंका काढली, ती अगदी बरोबर होती: धुतलेली मासळी या पावसात वाळवायची कुठे? उत्तरही तिनेच काढलं. तिचा भाऊ भाताच्या गिरणीत बॉयलरवर होता. उकड्या तांदळासाठी तिथे तुसाची भट्टी दिवसभर धडधडत असते आणि भट्टीमागच्या पडवीत कोणी जात नाही.

बुधवारी पहाटेपासून ती आणि तिच्या मुली कामाला लागल्या. नळाच्या पाण्यात मासळी घासून धुतली. जी आतून मऊ पडली होती ती मी सांगायच्या आधीच तिने बाजूला फेकली. टोपल्या, फळ्या, गोणपाट, सगळं गोड्या पाण्याने आणि मग उकळत्या पाण्याने. उरलेलं वेदारण्यमचं मीठ गटारात. घरच्यासाठी ठेवलेलं दुसरं मीठ तिने कढईत भाजून घेतलं आणि धुतलेल्या मासळीला लावलं. मी मधूनमधून "आणखी पाणी, आणखी पाणी" असं मराठीत सांगत होतो. थोड्या वेळाने धाकट्या मुलीने मला हाताला धरून एका उलट्या घमेल्यावर बसवलं, म्हणजे मी वाटेतून बाजूला झालो.

मासळी भट्टीमागे दोरीवर टांगली. मी तिथे अर्धा दिवस बसलो. गोविंदराव मात्र गिरणीच्या फाटकाबाहेर छत्री घेऊन उभे राहिले, आत आले नाहीत आणि घरीही गेले नाहीत.

गुरुवारचा बाजार

आरोक्यमने मासळी मांडली. लालीचा डागही नव्हता. तरी लोक लांबच. शेवटी बाजाराचा पुढारी आला, म्हातारा, गळ्यात जाड चांदीचा ताईत. त्याने एक मासळी उलटीसुलटी करून पाहिली आणि गोविंदरावांना काही विचारलं.

"म्हणतो, डाग गेला. कोप गेला कशावरून?"

ही माझी वेळ होती. मी उभा राहिलो आणि मिठाचे जंतू, पेशी, पाण्याचा दाब यांवर चांगली दहा मिनिटं बोललो. त्यात पुण्याच्या वर्गात कधी साधला नव्हता इतका ओघ होता. मी थांबल्यावर गोविंदरावांनी त्याचं तमिळ केलं. ते तीन शब्दांचं होतं.

"काय सांगितलंत?"

"कीं ती कीड होती."

पुढाऱ्याने मान हलवली आणि माझ्याकडे पाहून एक वाक्य बोलला. आजूबाजूचे सगळे हसले. गोविंदरावांचं तोंड उतरलं.

"म्हणतो, डॉक्टरास इतकी खात्री असेल, तर डॉक्टरानें खावी."

मी म्हटलं, "सांगा त्याला, आम्ही खात नाही."

"सांगितलें. तो म्हणतो, म्हणजे खात्री नाहीं."

आरोक्यम उठली, शेजारच्या भजीवालीच्या निखाऱ्यावर मासळीचा एक तुकडा भाजला आणि पानावर ठेवून माझ्यापुढे धरला. "साप्पिडुंग, अय्या," एवढंच. खा, महाराज.

मला वाटतं मी धीराने खाल्लं असं लिहावं. पण मी आधी मागे पाहिलं, वाट आहे का म्हणून. मागे माणसं होती. मग आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो मोठ्या कष्टाने बाजूला केला. मग वडिलांचा आला. मग मी डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला.

खारट. याहून अधिक मला काही सांगता येणार नाही, कारण मी चावलाच नाही. गिळला, तो घशात अडकला, आणि डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसका. कोणीतरी तांब्याभर पाणी दिलं ते मी गटागटा संपवलं. पहिल्यांदा हसली ती आरोक्यम. मग सगळा बाजार हसला. पुढाऱ्यानेही हसत हसत एक मासळी उचलून आपल्या पिशवीत टाकली आणि निघून गेला. मग बायका पुढे सरकल्या.

घरी दाराशी आल्यावर गोविंदराव हळूच म्हणाले, "आंत सांगूं नका."

पण सगुणाबाई ओट्यावरच होत्या आणि मला खोटं बोलता येत नाही, विशेषतः तोंडाला वास येत असताना. मी सांगून टाकलं. मी मनात ट्रंक भरायला घेतली.

"तिची मासळी खपली काय?"

"खपली. जवळजवळ सगळी."

"जागा राहिली?"

"राहिली."

"मग उभे काय राहिलांत? विहिरीवर जा."

त्या दिवशी माझं पान आत मांडलं नाही, पडवीत मांडलं. ते मला न्याय्यच वाटलं. मी बसलो तेवढ्यात गोविंदराव आपलं पान उचलून घेऊन आले आणि माझ्या शेजारी पाट टाकून बसले. "मीही बाजारांतूनच आलों कीं," ते बायकोला म्हणाले. सगुणाबाईंनी आम्हा दोघांना रसम वाढलं. दुसऱ्या दिवशी पानं पुन्हा आत. शनिवारी मी गाडीत बसलो.

पुणे

चार नळ्यांपैकी तीन तशाच राहिल्या. चौथीत तिसऱ्या आठवड्यात टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा ठिपका उगवला. सर तो उजेडात धरून बराच वेळ पाहत होते. "मिठागर कसं होतं?" त्यांनी विचारलं. "पाहिलं नाही," मी म्हणालो आणि जवळजवळ सगळं सांगितलं. शुद्ध पाण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी नळी जपून खाली ठेवली आणि मग पोट धरून हसले. विषय मात्र सोडायला सांगितलं नाही. बाजारातला तो तुकडा मी सरांनाही सांगितला नाही, घरी तर नाहीच.

महिन्याभराने गोविंदरावांचं पत्र आलं. अख्खं मोडीत. सगुणाबाईंनी माझ्या भाषेविषयी काय म्हटलं होतं ते मला त्या वेळी फार पटलं, कारण मला एक ओळ वाचता येईना. वडिलांना मोडी येते. तंजावरकडच्या मराठ्यांचं पत्र म्हणून त्यांना कौतुक. त्यांनी आईला बोलावलं, चष्मा लावला आणि झोपाळ्यावर बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'चिरंजीव वसंतराव यांस अनेक आशीर्वाद. येथील क्षेम. पाऊस राहिला. आरोक्यम जागेवर आहे, आतां टोपल्या दर आठवड्यास गोड्या पाण्यानें धुते. काल मजवर ओरडली. घरांतून विचारतात, तुमचे जीव जगले काय, आणि त्यांस मीठ वेळेवर घालितां काय.'" वडील कौतुकाने हसले. "काय भाषा आहे पाहा. 'आणखी एक. आपण भर बाजारांत मासळी भक्षण केली, ती वार्ता येथें आम्हीं कोणास कळविली नाहीं. आपणही तेथें घरीं कळवूं नये, वृथा मनास लावून घेतील.'"

झोपाळा थांबला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वडिलांनी ती ओळ पुन्हा एकदा, मनात वाचली. मग पत्राची सावकाश घडी घातली, चष्मा काढला, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले,

"फार खारट असते का रे?"